बायोडाटा मागता, मग वाचा तरी! एमआयडीसीतल्या एचआर मंडळींना खुलं पत्र

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि खरं तर कुठल्याही एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या एचआर विभागातल्या सर्व सर आणि मॅडम यांना,

नमस्कार.

मी बजाजनगरात डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. तुमच्याकडे येणाऱ्या बायोडाटांमधले कितीतरी माझ्या कीबोर्डवरून निघालेले असतात, तुमची माझी ओळख नसली तरी. पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या काही महिन्यांत इथल्या एकामागून एक कंपन्यांनी गेटवर बोर्ड लावलेत की बायोडाटा स्वीकारले जाणार नाहीत, क्यूआर कोड स्कॅन करून अर्ज करा. सिक्युरिटीच्या मामांकडं कागद ठेवायचा नाही, आत कुणाला भेटायचं नाही, फोन करायचा नाही. कोड स्कॅन करा आणि घरी जा.

आधीच सांगते, ऑनलाइनला माझा विरोध नाही. उलट तुमच्या या कोडमुळं माझा धंदा वाढलाय. पूर्वी माणूस एक पान टाइप करून घ्यायचा, पाच झेरॉक्स काढायचा आणि जायचा. आता ईमेल आयडी काढा, जुन्याचा पासवर्ड विसरलाय तो रिसेट करा, फोटोची साइज कमी करा, पीडीएफ 2 एमबीच्या आत बसवा, अकाउंट बनवा, ओटीपीची वाट बघा, तोवर सेशन संपलं म्हणून परत पहिल्यापासून सुरू करा, आणि ह्या सगळ्याचे लोक मला पैसे देतात. तेव्हा पोटावर पाय आला म्हणून ही बाई ओरडतेय असं समजू नका. मी तुमचा फॉर्म पण बघते आणि तो भरताना समोर स्टुलावर बसलेल्या माणसाचं तोंड पण बघते, तुम्हाला यातलं दुसरं कधी दिसत नाही म्हणून लिहितेय.

तुमची अडचण मला कळत नाही असंही नाही. एका जागेसाठी ढिगानं अर्ज येतात, त्यातले निम्मे नुसतं बटण दाबून पाठवलेले असतात, टर्नरच्या जागेला बीएस्सी ॲग्रीवाला अर्ज करतो, आणि तुमच्याकडं माणसं दोन. मान्य. पण त्यावर तुम्ही जो उपाय काढलाय त्यात बायोडाटा हा माणसाची ओळख करून द्यायचा कागद राहिलाच नाही, तो माणूस न बघता बाहेर काढायचं साधन झालाय. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आता ते कसं होतं ते एकेक करून सांगते.

पहिलं, सगळं दोनदा भरायला लावणं. रेझ्युमे अपलोड करा म्हणता, केला, की खाली लगेच परत नाव, गाव, दहावीचं वर्ष, टक्के, आधीची कंपनी, महिना, तारीख, सगळं हातानं टाका. मग अपलोड कशाला घेतला? तुमचं सॉफ्टवेअर फाइल वाचून रकाने आपोआप भरतं म्हणे, आणि काय भरतं ते मी रोज बघते. पोरं यूट्यूब बघून कॅनव्हावर दोन कॉलमचा रंगीत रेझ्युमे बनवून आणतात, मशीन तो डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातं, त्यामुळं आयटीआयचं वर्ष कंपनीच्या नावाला चिकटतं आणि हॉबीतला क्रिकेट स्किलमध्ये जातो. मोबाईल नंबर वर हेडरमध्ये टाकला असेल तर काही सॉफ्टवेअरना तो दिसतच नाही. टेबल टाकला की गोंधळ. मोबाईलनं फोटो मारून पीडीएफ केली असेल तर मशीनच्या लेखी बहुतेक वेळा ते पान कोरंच. आता मी सगळ्यांना एकच कॉलम, साधा फॉन्ट, फोटो नाही, टेबल नाही असं करून देते, पण जो माझ्याकडं येत नाही त्याला हे कुणी सांगायचं? तुमच्या त्या पानावर दोन ओळी लिहिल्या असत्या की फाइल अशी बनवा, तर काय बिघडलं असतं?

माझ्या सासऱ्यांनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड अजून जपून ठेवलंय. 1959 च्या कायद्यानं 25 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी कंपन्यांनी पण रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या होत्या. सासऱ्यांना त्या कार्डावर कॉल कधी आला नाही, ते सोडा, पण नाव एकदाच नोंदवायला लागायचं. आता सरकारचं महास्वयं हे नोकरीचं पोर्टल आहे, 2015 पासून नॅशनल करिअर सर्व्हिस आहे, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये आहे, 1997 पासून नोकरी डॉट कॉम आहे, आणि एवढं असून आमच्या पोरानं दहा कंपन्यांत अर्ज करायचा तर दहा अकाउंट, दहा पासवर्ड. पासवर्डांसाठी मी आता प्रत्येकाला एक छोटी वही घ्यायला लावते.

दुसरं, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात तुमचं तुम्हालाच दिसत नाहीये. ठेकेदाराची माणसं. एक पोरगा माझ्याकडं आला, जालना जिल्ह्यातला, आयटीआय मशिनिस्ट, एका मोठ्या प्लांटमध्ये कितीतरी वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर. मी विचारलं अनुभव काय लिहू, तर त्यानं पीएफचं पासबुक काढून दाखवलं आणि त्यात एकाखाली एक वेगवेगळ्या ठेकेदारांची नावं, कुठं सात महिने, कुठं अकरा, मध्ये थोडा ब्रेक दाखवलेला. यानं गेट बदललं नाही, शिफ्ट बदलली नाही, मशीन पण बदललं नाही. बदलला तो ठेकेदार, आणि तो तुमच्या कंपनीनं बदलला. आता मी खरं लिहायचं ठरवलं तर त्याच्या रेझ्युमेवर एकामागून एक सात महिन्यांच्या नोकऱ्या दिसतात आणि तुमचं फिल्टर म्हणतं हा टिकत नाही, जॉब हॉपर आहे, बाहेर. आणि मी प्लांटचं नाव लिहिलं तर बॅकग्राउंड चेकमध्ये तोच प्लांट सांगतो की आमच्या रोलवर असा माणूस कधी नव्हता, म्हणजे हा खोटारडा. सांगा, मी काय लिहू? मी आता "अमुक ठेकेदारामार्फत, कामाचं ठिकाण वाळूज, व्हीएमसी, फानुक कंट्रोल" असं लिहिते (फानुक हा मशीनच्या कंट्रोलचा ब्रँड), पण तुमच्या फॉर्ममध्ये "मार्फत" लिहायला रकानाच नाही. एम्प्लॉयर नेम, फ्रॉम, टू, संपलं.

अनुभवाचं पत्र मागता तेव्हा तर हसावं का रडावं कळत नाही. ठेकेदार पत्र देत नाही, त्याचं ऑफिस म्हणजे कुठंतरी एक गाळा आणि बंद शटर. कंपनी देत नाही कारण माणूस कंपनीचा नाही. मग त्या पोराच्या हातात काय, तर गेटपासचा जुना फोटो. आणि याच पोराला मशीनसमोर उभा केला असता तर ऑफसेट कसा घेतो, मायक्रोमीटर कसा धरतो, ड्रॉइंग कसं वाचतो हे तुमच्या एखाद्या जुन्या सुपरवायझरला चहा प्यायच्या वेळात कळलं असतं. पूर्वी कळायचंच. सुपरवायझर गेटवर यायचा, विचारायचा की कंट्रोल कुठला चालवलास, फानुक का सिमेन्स, आणि दोन उत्तरांत माणूस ओळखायचा. त्या पद्धतीत वशिला पण चालायचा हे मला माहीत आहे, तिला डोक्यावर घेऊन नाचत नाहीये मी. पण हाताचं काम कागदावरून ओळखायला निघालात तर हाताला कसबी माणूस मागे पडणार आणि कागदाला हुशार माणूस पुढं जाणार, त्यात नुकसान तुमच्याच लाइनचं.

तिसरं, बायकांचं. आपल्याकडं दहावीच्या सर्टिफिकेटवर बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि काही घरात तर लग्नात पहिलं नाव सुद्धा बदलतात. तुमचा फॉर्म म्हणतो नाव सर्टिफिकेटप्रमाणे टाका, पुढच्या पानावर म्हणतो आधारशी जुळलं पाहिजे. गॅझेट, म्हणजे नाव बदलल्याची सरकारी राजपत्रातली नोंद, काढलेलं असेल तर ठीक, नसेल तर ती बाई तिथंच अडकते, आणि गॅझेट हा प्रकार असतो हे निम्म्या जणींना माझ्या दुकानात आल्यावर कळतं. त्यानंतर गॅप. दोन बाळंतपणं आणि सासूचं आजारपण यात गेलेली वर्षं, त्यावर तुमचा लाल चांदणीवाला, म्हणजे सक्तीचा, रकाना विचारतो, रीझन फॉर गॅप. काय लिहायचं, घर सांभाळत होते? एकीनं लिहिलं, खरं ते लिहिलं, क्वालिटीमध्ये चार वर्षांचा अनुभव असलेली बाई, तिला साधा फोन आला नाही. दुसरीनं मला सांगितलं ताई गॅपमध्ये शिवणकामाचा व्यवसाय टाका, मी टाकला, ती खरंच घरी ब्लाऊज शिवत होती. पण तिला स्वतःला ते काम वाटत नव्हतं, आणि तुम्हाला घर सांभाळणं काम वाटत नाही.

चौथं, आडनाव आणि पत्ता. ताई, पत्ता बदलून द्या, असं म्हणणारी पोरं माझ्याकडं येतात, कारण इथं सगळ्यांना माहीत आहे की काही ठिकाणी "लोकल नको" असं असतं, लोकल पोरगा सुट्ट्या घेतो, युनियन करतो वगैरे. सरकारकडून सवलती घेताना 80 टक्के स्थानिकांची अट कागदावर पाळायची आणि गेटवर गंगापूर-पैठणचा पत्ता दिसला की बाजूला ठेवायचा, हे कसं चालतं? आडनावाचं तर त्याहून जुनं दुखणं आहे. आपल्याकडं आडनाव वाचलं की जात, धर्म, बऱ्याचदा गाव पण कळतं. हे माझं नुसतं मत नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये अभ्यास छापला होता, पेपरातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच लायकीचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण (ऑड्स) 0.67 पट आणि मुस्लिम नावाला 0.33 पट निघालं. शिक्षण तेच असून. आता तुम्ही म्हणाल मॅडम ते जुनं झालं, आता मशीन निवडतं, मशीनला कुठली जात. मशीन काय शिकतं तर तुम्ही आधी कुणाकुणाला घेतलंत तेच शिकतं ना. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीनं 2014 पासून रेझ्युमेला गुण देणारं टूल बनवायला घेतलं होतं, आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवलं, त्यात बहुतेक पुरुष, तर ते टूल रेझ्युमेत महिलांच्या क्लबचा नुसता उल्लेख दिसला तरी गुण कमी करायला लागलं. शेवटी ते टूल बंद केलं, 2018 मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली. त्यांच्याकडं एवढे इंजिनिअर असून ही गत, आणि आपल्याकडं महिन्याच्या भाड्यानं घेतलेलं सॉफ्टवेअर काय करतंय हे बघायला कोण बसलंय?

एआयचा विषय निघालाच आहे तर, आता पोरं पण चॅटजीपीटीकडून रेझ्युमे लिहून घेतात, मी पण वापरते, लपवत नाही. जाहिरातीतले शब्द उचलायचे आणि रेझ्युमेत पेरायचे, कारण शब्द जुळला नाही तर तुमचं मशीन वर ढकलत नाही. म्हणजे एका मशीननं लिहायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, आणि ज्या पोराची नोकरी आहे त्याला स्वतःच्याच रेझ्युमेतलं इंग्लिश वाचता येत नाही. इंटरव्ह्यूला त्याला विचारलं की टेल मी अबाउट युअर क्रॉस-फंक्शनल कोलॅबोरेशन, की तो घामाघूम. अहो, तो तुमच्याकडं मराठी-हिंदीतच काम करणार आहे, लाइनवर लावलेल्या सूचनासुद्धा मराठी-हिंदीत असतात, मग अर्ज इंग्लिशमध्येच का? ऑपरेटर, फिटर, वेल्डर, स्टोअर हेल्पर यांचा अर्ज मराठीत घ्या ना. युनिकोडमध्ये टाइप करून देते मी, वाचता येईल तुमच्या सॉफ्टवेअरला.

पाचवं, उत्तर न देणं. याचा राग लोकांना सगळ्यात जास्त आहे आणि हे सुधारायला सगळ्यात कमी खर्च आहे. आमच्याकडं लग्नाचा बायोडाटा पाठवला आणि स्थळ पसंत नसेल तर "पत्रिका जुळत नाही" एवढं तरी कळवतात, खरं कारण काही का असेना, समोरचा मोकळा होतो. तुमच्याकडून ते सुद्धा येत नाही. महिनोन्महिने "अंडर रिव्ह्यू". लोक दुकानात येऊन म्हणतात ताई जरा लॉगिन करून बघा काही झालं का, आणि मी बघते, तेच लिहिलेलं असतं. या भरवशावर काहीजण दुसरीकडचं आलेलं काम सोडतात.

आणि तुमचा फोन आलाच तर तो कधी येतो? दिवसा अकरा वाजता, शिफ्ट चालू असताना. फोन गेटवर जमा करून आत जायचा नियम तुम्हीच केलेला, बाकी कंपन्यांतही तोच, हे तुम्हाला माहीत आहे. पोरगा साडेतीनला बाहेर येतो, मिस्ड कॉल बघतो, परत लावतो तर तो नंबर लागत नाही किंवा कुठल्यातरी बोर्डावर जातो. इकडं तुमच्या एक्सेलमध्ये नोंद होते, कॅन्डिडेट नॉट रिस्पॉन्डिंग.

बाकीच्या लहान गोष्टी एका दमात सांगते. फ्रेशर पाहिजे म्हणायचं आणि खाली एक वर्ष अनुभव मागायचा, पगार सांगायचा नाही पण अपेक्षित पगाराचा रकाना सक्तीचा ठेवायचा आणि आकडा जास्त वाटला की न बोलता कटाप, जागा भरली तरी जाहिरात तशीच ठेवायची. आणि एक गोष्ट लहान नाही. हे सगळे अर्ज, आधार, पॅन, पासबुक, फोटो, जातात कुठं? पहिल्या फेरीला पॅन आणि बँक पासबुक कशाला लागतं? अर्ज केल्यावर आठवड्याभरात फसवणाऱ्यांचे फोन सुरू होतात, तुमचं सिलेक्शन झालं, युनिफॉर्म आणि ट्रेनिंगचे एवढे एवढे भरा, आणि त्या माणसाला पोराचं नाव, ट्रेड, कुठं अर्ज केला ते सगळं माहीत असतं. गरजू माणूस पैसे भरतो. माहिती कुठून फुटली ते मला सांगता येणार नाही, पण 2023 साली पास झालेल्या डेटा संरक्षण कायद्याचा अर्थच हा आहे की घेतलेली माहिती जपायची आणि काम झालं की पुसायची, तुमच्या फॉर्मवर मी अजून तसं एक वाक्य वाचलेलं नाही.

तर मागण्या. शिव्या द्यायच्या नाहीत, मोर्चा आणायचा नाही, सरळ सांगते.

क्यूआर कोड ठेवा, पण गेटवर आठवड्यातला एक दिवस, दोन तास, कागदाचा बायोडाटा घ्या आणि घेणारा माणूस त्या कामातला असू द्या.

फाइल घेतली तर परत टाइप करायला लावू नका, आणि टाइप करून घ्यायचंच असेल तर फाइल मागू नका. फॉर्म मोबाईलवर भरता येईल एवढा लहान करा, अर्धवट भरलेला सेव्ह राहू द्या.

मशीनवरच्या कामाला आधी ट्रायल, मग कागद. आणि ट्रायलच्या नावाखाली दिवसभर फुकट प्रॉडक्शन काढून घ्यायचं नाही, हे पण लिहून ठेवते, कारण तसंही होतं.

ठेकेदाराकडच्या कामगाराला तो ज्या प्लांटमध्ये, ज्या मशीनवर, जेवढा काळ होता त्याचं साधं पत्र कंपनीनं द्यावं. नोकरीचा हक्क मागत नाहीये, फक्त काम केल्याचा दाखला मागतेय. आणि फॉर्ममध्ये "ठेकेदारामार्फत" असा रकाना घाला, म्हणजे तुमच्या फिल्टरला पण कळेल.

पहिल्या फेरीत नाव, फोटो, पत्ता, वडिलांचं नाव, लग्न झालंय का, हे झाकून ठेवा. रीझन फॉर गॅपची लाल चांदणी काढा. सर्टिफिकेट आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर लग्नाचा दाखला चालेल असं तिथंच लिहा.

निवडीत सॉफ्टवेअर वापरत असाल तर तसं सांगा आणि वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या की ते कुणाला गाळतंय. न्यूयॉर्क शहरात जुलै 2023 पासून हे कायद्यानं सक्तीचं आहे, तपासणीचा निकाल जाहीर करावा लागतो. तुमच्यापैकी कितीतरी कंपन्या तिकडं माल पाठवताना त्यांचे सगळे नियम पाळतात.

नाही तर नाही, पण पंधरा दिवसांत एक मेसेज पाठवा. मराठीत. आणि उमेदवाराला फोन करायचा तर शिफ्ट सुटल्यावर करा, किंवा आधी मेसेज टाका.

पॅन, पासबुक, आधारची झेरॉक्स फक्त ऑफर दिल्यावर मागा. बाकीच्यांचे अर्ज पुसून टाका. आणि तुमच्या गेटवरच्या त्याच बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा की आमची कंपनी नोकरीसाठी कुणाकडूनही पैसे घेत नाही.

एवढं सगळं एकदम जमणार नसेल तर शेवटचं सोडून कुठूनही सुरुवात करा. तो बोर्ड मात्र या आठवड्यात बदला, पेंटरचा नंबर पाहिजे असेल तर माझ्याकडं आहे.

कळावे,
एक डीटीपीवाली ताई
बजाजनगर, वाळूज एमआयडीसी